गाडी शिकवायचा धंदा रत्नागिरीत: पात्रता, खर्च आणि तासाचा हिशेब

गाडी हातात येऊन पाच-सात वर्षं झाली आहेत, रस्त्यावर डोकं शांत राहतं, समोरच्याला चार गोष्टी नीट समजावून सांगता येतात आणि पोटापाण्यासाठी रत्नागिरी सोडायची नाही. असं असेल, तर ड्रायव्हिंगचा प्रशिक्षक होणं हा गंभीरपणे विचार करण्याजोगा मार्ग आहे. एसटीतून किंवा कंपनीच्या गाडीवरून निवृत्त झालेल्यांनाही तो जमण्यासारखा आहे. मात्र काही जण सुरुवातच उलट्या टोकाकडून करतात. आधी गाडी बुक होते, मग परवान्याला काय लागतं ते विचारायला परिवहन कार्यालयात जाणं होतं. तोवर हप्ता सुरू झालेला असतो आणि मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र नसल्यामुळे अर्ज पुढे सरकत नाही.

म्हणून सारांश आधीच सांगून टाकतो. पात्रता आधी, नोकरीचा अनुभव नंतर, गाडी सगळ्यात शेवटी. आणि फी ठरवायची ती शेजारच्या स्कूलचा बोर्ड बघून नव्हे, आपल्या एका तासाचा खर्च काढून. हा हिशेब न करता कमी फी लावणारा माणूस शेवटी शिकणाऱ्याचे तास कापतो, आणि अर्धवट शिकलेला तो माणूस लायसन्स खिशात घालून थेट मुंबई-गोवा महामार्गावर जातो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली. म्हणजे दिवसाला साधारण ४६०. त्यातल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता. शिकवणाऱ्याच्या हिशेबाचा संबंध या आकड्यांशी आहे, म्हणून हा लेख.

आकड्यांबद्दल एक खुलासा. लायसन्स आणि परवान्याची सरकारी शुल्कं केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या तक्त्यातली, डिसेंबर २०१६ च्या सुधारणेनंतरची आहेत. बाकीचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या हाती आलेली कोटेशनं त्या जागी घाला आणि बेरीज पुन्हा करा.

कायद्याला काय लागतं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२ खाली ड्रायव्हिंग स्कूलला परवाना लागतो. तपशील केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम २४ ते ३१ मध्ये आहेत. हे नियम छापून जवळ ठेवा. एजंटाच्या तोंडी माहितीवर विसंबू नका.

शिकवणाऱ्या माणसासाठी अटी अशा:

- दहावी उत्तीर्ण.
- गाडी चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव.
- मोटार मेकॅनिक्सचं प्रमाणपत्र किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंगमधली त्यावरची पात्रता. संस्था सरकारी किंवा राज्य सरकारची मान्यता असलेलीच हवी.
- वाहतूक चिन्हं आणि रस्त्याच्या नियमांचं पक्कं ज्ञान.
- गाडीचे भाग दाखवून त्यांचं काम समजावून सांगण्याची क्षमता.
- इंग्रजीचं किंवा त्या भागातल्या भाषेचं पुरेसं ज्ञान. आपल्याकडे मराठी चालते.

यातली तिसरी अट सगळ्यांना अडवते. वीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाकडेही हा कागद नसतो. गॅरेजमालकाने लेटरहेडवर दिलेला दाखला इथे उपयोगाचा नाही.

स्कूलसाठीच्या अटी वेगळ्या. जागा स्वतःची किंवा स्वतःच्या नावाने भाड्याची हवी. तिथे वर्ग घेता आला पाहिजे, इंजिन-गिअरबॉक्सचे नमुने मांडता आले पाहिजेत आणि गाडी उभी करायला जागा हवी. ज्या प्रकारचं वाहन शिकवणार, त्या प्रकारचं किमान एक वाहन, फक्त शिकवण्याच्या वापराचं आणि ड्युअल कंट्रोल बसवलेलं हवं. शिवाय फळा, सिग्नल आणि चिन्हांचे तक्ते, पान्या-पकडींचा संच, पुस्तकं आणि प्रथमोपचार पेटी. परवाना पाच वर्षांचा असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम, ३१ वा. खासगी गाडीच्या अभ्यासक्रमाला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास. वाहतुकीच्या वाहनासाठी ३० दिवस आणि १५ तास. प्रथमोपचार आणि रस्त्यावर इतरांशी वागणं हे दोन्ही विषय खासगी गाडीच्या अभ्यासक्रमातही आहेत. कोणाची नावनोंदणी कधी झाली याचं रजिस्टर नमुना १४ मध्ये आणि कोणी किती तास गाडी चालवली याचं रजिस्टर नमुना १५ मध्ये ठेवावं लागतं. शेवटी स्कूल जे प्रमाणपत्र देतं, तो नमुना ५.

पात्रता मिळवायला किती

*लायसन्स.* कार चालवण्याचं लायसन्स तुमच्याकडे असेलच. नसेल तर शिकाऊ लायसन्सचे १५० आणि चाचणीचे ५० रुपये, पुढे पक्क्या लायसन्सच्या चाचणीचे ३०० आणि लायसन्सचे २०० रुपये. स्मार्ट कार्डचे आणखी २००. नवीन वाहनप्रकार जोडायचा असेल तर ५०० रुपये आणि चाचणीचे ३००. हेवी लायसन्स काढून ठेवा, असा माझा आग्रह आहे. वाहतुकीच्या वाहनासाठी वय २० पूर्ण लागतं आणि त्याआधी वर्षभर हलक्या वाहनाचं लायसन्स हवं. हेवीच्या प्रशिक्षणाला १० ते १५ हजार रुपये धरा. पुढे कार शिकवायची असली तरी ट्रक किंवा बसच्या केबिनमधून छोटी गाडी कशी दिसते आणि कुठे अजिबात दिसत नाही, हे एकदा स्वतः अनुभवलेलं असलं की शिकवणं बदलतं.

*मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र.* आयटीआयचा मेकॅनिक डिझेल हा अभ्यासक्रम एक वर्षाचा, मेकॅनिक मोटर व्हेइकल दोन वर्षांचा. रत्नागिरीत नाचणे रस्त्याला शासकीय आयटीआय आहे. तिथे चौकशी करा आणि यंदा कोणत्या ट्रेडला जागा आहेत ते प्रवेशाच्या हंगामाआधीच पाहून ठेवा. शासकीय संस्थेत फी, गणवेश आणि साहित्य धरून वर्षाला पाच-सहा हजार, खासगीत पंचवीस-तीस हजार असा अंदाज ठेवा. खासगी संस्था असेल तर मान्यतेचा आदेश आधी बघा, पैसे नंतर भरा. मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइल डिप्लोमा झालेल्यांना हे वर्ष वाचतं. त्यांनी आपली पदविका घेऊन परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी.

*प्रथमोपचार.* रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अॅम्ब्युलन्सचा अभ्यासक्रम करा. एक-दोन हजार रुपये धरा. अभ्यासक्रमातला प्रथमोपचार पुस्तकातून वाचून दाखवण्यापेक्षा हाताने करून दाखवणारा प्रशिक्षक वेगळाच ठरतो.

आयटीआयचं एक वर्ष, हेवी लायसन्स आणि प्रथमोपचार मिळून शासकीय मार्गाने २० ते २५ हजारांत पात्रता होते. खरा खर्च वेळेचा आहे. वर्षभर दिवसा कॉलेज असल्यामुळे कमाई संध्याकाळची आणि सुट्टीचीच राहील, हे घरच्यांशी आधी बोलून ठेवा.

'प्रगत' प्रशिक्षक म्हणजे कोण

आपल्या कायद्यात 'प्रगत प्रशिक्षक' असा वेगळा परवाना नाही. कोणी तसं 'सरकारमान्य' प्रमाणपत्र विकत असेल तर चार हात लांब राहा. हा दर्जा शिकून आणि शिकवून मिळवायचा असतो. ब्रिटनमध्ये पैसे घेऊन गाडी शिकवायची तर सरकारी नोंदणी आणि तीन टप्प्यांची परीक्षा द्यावी लागते. तिथल्या पोलिसांच्या ड्रायव्हिंगवर बेतलेलं 'रोडक्राफ्ट' हे पुस्तक १९५५ पासून निघतं आणि लायसन्स असलेल्यांना पुढचं शिकवणारी प्रगत वाहनचालकांची संस्था १९५६ पासून आहे. त्या पद्धतीचा क्रम सोपा आहे: आधी माहिती, मग रस्त्यावरची जागा, मग वेग, मग गिअर, शेवटी अॅक्सिलरेटर. वळण असो की गुरांचा कळप, क्रम तोच. पुस्तक मागवून वाचा, पण डावी-उजवी तिकडचीही आपल्यासारखीच असली तरी रस्ते आपले आहेत, हे ध्यानात ठेवून.

महाराष्ट्रात या कामाचं मोठं ठिकाण म्हणजे भोसरीची सीआयआरटी, १९६७ मध्ये सुरू झालेली केंद्रीय रस्ते परिवहन संस्था, आणि तिची चालक प्रशिक्षण व संशोधन संस्था. एसटीची मध्यवर्ती प्रशिक्षण संस्थाही भोसरीलाच आहे. सीआयआरटीत प्रशिक्षकांसाठी किंवा बचावात्मक ड्रायव्हिंगसाठी कोणता वर्ग कधी आहे, ते विचारून एक आठवडा राखून ठेवा. राहणं, जेवण, एसटीचं भाडं आणि फी मिळून २० ते २५ हजार बाजूला काढा. कामाला लागून वर्ष झाल्यावर जा. शिकवताना कुठे अडतं ते कळलेलं असलं की तिथे विचारायला प्रश्न तयार असतात.

उरलेलं शिक्षण मात्र रत्नागिरीतच होतं. इतक्या छोट्या परिघात इतके वेगवेगळे रस्ते फार थोड्या शहरांना मिळतात. मारुती मंदिर आणि साळवी स्टॉपची गर्दी, जुन्या शहरातले अरुंद उतार, भाट्याचा पूल, आरे-वारेची वळणं, हातखंब्याला महामार्गाचा उतार, निवळीहून जयगडकडे जाणारे टँकर आणि कोल्हापूरच्या वाटेवर आंबा घाट. त्यावर चार महिने पाऊस.

दोन धडे जरा जवळून पाहू. पहिला, बोलत गाडी चालवण्याचा. कुवारबावहून हातखंब्याकडे जाताना शिकणाऱ्याने जे दिसतं ते आणि त्यावर आपण काय करणार ते मोठ्याने बोलायचं. "पुढे एसटी थांबली आहे, तिच्या पुढून माणूस येईल, वेग कमी. उजवीकडे रिक्षा, चालक मागे बघत नाही, हॉर्न. डावीकडे गोठ्याचं फाटक उघडं, गुरं असतील." पहिल्या दिवशी माणूस फक्त समोरच्या गाडीबद्दल बोलतो. आठवड्याभरात दीडशे मीटर पुढचं बोलायला लागतो. नजर लांब गेली की पाय आपोआप वेळेवर हलतो. याच धड्यात अंतर शिकवा. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. पुढच्या गाडीने खांब ओलांडला की 'एक हजार एक, एक हजार दोन' मोजायचं. दोन सेकंदांत जवळपास ३३ मीटर होतात. पावसात चार सेकंद मोजा. ६७ मीटर होतात. हे आकडे फळ्यावर लिहून मग तेच अंतर रस्त्यावर पावलांनी चालून दाखवा.

दुसरा, घाट उतरण्याचा. नवशिका माथ्यावरून तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये निघतो आणि ब्रेकवर पाय ठेवून राहतो. चार-पाच वळणांत ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पेडल मऊ लागायला लागतं. घाटातल्या जुन्या चालकांचा दंडक आहे: ज्या गिअरमध्ये चढशील, त्याच गिअरमध्ये उतर. म्हणून माथ्यावरच थांबायचं, दुसरा गिअर टाकायचा आणि इंजिनाला गाडी धरू द्यायची. ब्रेक लागला तर ठाम, थोडा वेळ, मग सोडून द्यायचा. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअर हाताने धरून ठेवायची सोय असते; ती कुठे आहे ते गाडीमालकालाही अनेकदा माहीत नसतं. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा २०१७ च्या वाहनचालन विनियमांतला नियम आहे. त्यामागचं कारणही सांगा: चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड असतं.

अपघात झालाच तर काय करायचं, हेही प्रगत प्रशिक्षणात आलं पाहिजे. १०८ ला फोन, गाडीचे चारही दिवे, मागे त्रिकोण. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. २०२५ मध्ये सुरू झालेल्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात. हे माहीत नसल्यामुळे माणसं जखमीजवळ थांबायला कचरतात.

तीन वाटा

*दुसऱ्याच्या स्कूलमध्ये नोकरी.* गुंतवणूक जवळजवळ शून्य. सुरुवात इथूनच करा, किमान एक वर्ष. पगार ठरवताना महिन्याचा आकडा एकट्याने बघू नका. रोज किती तास गाडीत बसायचं, सुट्टी किती, पेट्रोल वाचवण्याची सक्ती आहे का, हे विचारा. घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं, दुसऱ्याच्या पायाचा अंदाज घेऊन आपला पाय ड्युअल ब्रेकवर कधी न्यायचा, हे पगार घेत शिकता येतं.

*स्वतःचं छोटं स्कूल.* एक कार, एक खोली, एक प्रशिक्षक. पुढचा हिशेब याच वाटेचा आहे.

*मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र.* १ जुलै २०२१ पासून ही सोय आहे. तिथे हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा, चार आठवड्यांच्या आत संपवायचा: ८ तास वर्ग आणि २१ तास प्रत्यक्ष. उत्तीर्ण झालेल्याला परिवहन कार्यालयातली वाहन चाचणी माफ होते. मात्र वाहनप्रकारानुसार एक ते दोन एकर जागा, स्वतःचा ट्रॅक, सिम्युलेटर, बायोमेट्रिक हजेरी आणि बारावी उत्तीर्ण प्रशिक्षक लागतात. आपल्याकडे सड्यावरची सपाट जागा वडिलोपार्जित असेल आणि चार-पाच जण भागीदार असतील तरच या वाटेचा विचार करा. एकट्याने कर्ज काढून करायचं हे काम नाही. पण अशा केंद्रात नोकरी मिळत असेल तर जरूर घ्या.

स्वतःच्या स्कूलला सुरुवातीला किती

- छोटी नवी पेट्रोल कार, नोंदणी, विमा आणि ड्युअल कंट्रोलसह: ६,००,०००
- खोलीची तीन महिन्यांची अनामत: १८,०००
- बाकं, फळा, तक्ते, इंजिन-गिअरबॉक्सचे नमुने, हत्यारं, पुस्तकं, प्रथमोपचार पेटी: ४०,०००
- स्कूलच्या परवान्याचं सरकारी शुल्क: १०,०००
- पाटी, गाडीवरचं नाव, रजिस्टरं, छपाई: १२,०००
- पहिल्या तीन महिन्यांसाठी राखीव: १,००,०००

एकूण ७,८०,००० रुपये. गाडीसाठी साडेचार लाखांचं कर्ज काढलं तर घरचे ३,३०,००० लागतात. १० टक्के व्याजाने पाच वर्षांचा हप्ता सुमारे ९,५६० रुपये येतो. मुद्रा योजनेच्या 'किशोर' गटात पाच लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं. बँकेत जाण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात एक चक्कर मारा.

पैसे वाचवायला सगळ्यांची नजर आधी गाडीवर जाते. सेकंडहँड गाडी घ्यायला हरकत नाही, पण क्लच, ब्रेक, टायर आणि गंजलेला तळ तपासून. कोकणच्या खाऱ्या हवेत गाडी वरून चकचकीत आणि खालून कुजलेली निघू शकते. ड्युअल कंट्रोल मात्र पक्क्या कारागिराकडूनच बसवा. बसवल्यावर रिकाम्या मैदानात ताशी ३० च्या वेगाने फक्त तुमच्या बाजूचा ब्रेक दाबून गाडी सरळ थांबते का, ते पाहा.

विम्यात काटकसर नको. खासगी वापराच्या पॉलिसीवर फी घेऊन गाडी शिकवली तर अपघातात दावा अडू शकतो. पॉलिसीत 'ड्रायव्हिंग शिकवण्यासाठी वापर' असं लिहून घ्या, आणि नोंदणी-कराबाबत गाडी घेण्याआधीच परिवहन कार्यालयात विचारा.

एका तासाचा खरा खर्च

वर्षाचा बांधील खर्च असा मांडा. सहा लाखांची गाडी पाच वर्षांनी दोन लाखांना गेली तर घसारा वर्षाला ८०,०००. कर्जाचं व्याज २५,०००. विमा २५,०००. सर्व्हिसिंग, क्लच, ब्रेक, टायर ४५,०००. शिकाऊ पायाखाली क्लच लवकर जातो. खोलीचं भाडं ७२,०००. वीज, फोन, कागद १८,०००. कर, पीयूसी वगैरे ८,०००. परवान्याचे दहा हजार पाच वर्षांत वाटले तर २,०००. बेरीज २,७५,०००.

आता तास. महिन्याला २५ दिवस, रोज सहा तास म्हणजे १५० तास. पण जुलैचा पाऊस, गणपती, परीक्षा, गाडी गॅरेजला हे सगळं धरून सत्तर टक्के तास भरतील असं माना. वर्षाला सुमारे १,२५० तास.

- बांधील खर्च: २,७५,००० भागिले १,२५० = तासाला २२०
- पेट्रोल: तासाला एक लिटर, १०५ रुपये धरून = १०५
- तुमची मेहनत: महिन्याला २५,००० हवे असतील तर = २४०

तासाला ५६५ रुपये. दहा तासांच्या अभ्यासक्रमाला ५,६५०. यात फायदा अजून नाही, फक्त तुमचा पगार आहे.

तास कमी भरले तर काय होतं, तेही बघा. वर्षाला ८०० तासच झाले तर बांधील खर्च तासाला ३४४, मेहनत ३७५ आणि पेट्रोल १०५, बेरीज ८२४. पहिल्या वर्षी असंच होण्याची शक्यता जास्त, म्हणूनच तीन महिन्यांची राखीव रक्कम आणि आधी नोकरी हा माझा आग्रह आहे.

समजा बाजारात फी ४,५०० आहे. मग तेवढ्यात कसं भागतं? उत्तर घड्याळात आहे. रोज वीस मिनिटं, एकवीस दिवस: ४२० मिनिटं, म्हणजे सात तास. नियमातले दहा तास भरायचे तर रोज किमान २९ मिनिटं शिकणाऱ्याच्या हाती स्टिअरिंग असायला हवं. मागच्या सीटवर बसून दुसऱ्याचं बघणं उपयोगी आहे, पण ते चालवण्याच्या तासांत धरता येत नाही. कापलेले तीन तास नेमके चढावरचे, पावसातले आणि रात्रीचे असतात.

फी आणि गिऱ्हाईक

फी पावतीवर तासांत लिहा: 'प्रत्यक्ष ड्रायव्हिंग १० तास, वर्ग इतके'. शिकणाऱ्याला नमुना १५ च्या रजिस्टरवर रोज स्वतःची सही आणि वेळ लिहायला लावा. दोन स्कूलच्या फीची तुलना करणाऱ्याला 'तासाला किती पडले' हे भागाकार करून दाखवा. पाचशे रुपये जास्त का, हे त्याला तिथेच कळतं.

प्रगत शिकवणीचं गिऱ्हाईक वेगळं आहे:

- लायसन्स आहे पण गाडी दारात उभी आहे, असे. यात स्कूटर सफाईने चालवणाऱ्या बायका पुष्कळ. सहा ते आठ तासांची 'पुन्हा सुरुवात' त्यांना हवी असते. प्रशिक्षक बाई असेल तर अनेक घरांतून सहज होकार येतो. या धंद्यात यायचा विचार करणाऱ्या महिलांनी हे जरूर लक्षात घ्यावं.
- नवी ऑटोमॅटिक गाडी घेतलेले निवृत्त शिक्षक, बँकवाले.
- गणपतीला मुंबईहून स्वतःच्या गाडीने येणारे चाकरमानी, ज्यांना घाट आणि पाऊस यांची सवय नाही.
- जयगड, गोळप, लोटे परशुराम, खडपोलीच्या कारखान्यांना गाड्या पुरवणारे ठेकेदार. बचावात्मक ड्रायव्हिंगचा एक दिवसाचा वर्ग त्यांना विकता येतो. धोकादायक रसायनांच्या टँकरचालकांना कायद्याने लागणारं तीन दिवसांचं प्रशिक्षण मात्र मान्यताप्राप्त संस्थेनेच द्यायचं असतं, त्याची जाहिरात आपण करू नये.

आंबा घाटाच्या सत्राचा हिशेब नमुन्यादाखल: जाऊन-येऊन १३० किलोमीटर, थांबे धरून पाच तास. पेट्रोल नऊ लिटर, ९४५ रुपये. बांधील खर्च आणि मेहनत तासाला ४६०, पाच तासांचे २,३००. एकूण ३,२४५. फी ४,००० ठेवा आणि एका सत्राला एकच माणूस घ्या. लोक म्हणतील, आमच्याच गाडीत शिकवा. त्या गाडीत तुमच्या पायाखाली ब्रेक नसतो, म्हणून पहिलं सत्र आपल्या ड्युअल कंट्रोल गाडीत, आणि माणूस भरवशाचा वाटल्यावरच पुढचं त्याच्या गाडीत. सेवांसाठी जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर लागते; एका गाडीच्या स्कूलला ती वेळ सहसा येत नाही.

सही विकू नका

या धंद्यात एक मोह ठरलेला आहे. कोणीतरी येऊन म्हणतं, "गाडी येते मला, फक्त सर्टिफिकेट द्या." नमुना ५ वरची तुमची सही म्हणजे या माणसाने अभ्यासक्रम पूर्ण केला, असं तुम्ही लेखी सांगणं. शिकवल्याशिवाय ती देणं हा खोटा दाखला आहे. नियम २८ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. खरंच गाडी येणाऱ्याला सांगा, "या, तासभर चालवून दाखवा," आणि जे कच्चं आहे ते शिकवून तास भरून घ्या. तसंच, गाडीवर स्कूलचं नाव, पत्ता आणि फोन ठळक असू द्या, 'एल'ची पाटी पुढे-मागे असू द्या, आणि परवानगीशिवाय जागा बदलू नका.

क्रम असा ठेवा

या आठवड्यात दहावीचं प्रमाणपत्र आणि लायसन्सवरची पहिली तारीख तपासा. पाच वर्षांचा अनुभव त्यावरून सिद्ध होतो. आयटीआय किंवा पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकच्या पात्रतेची चौकशी करा. पहिलं वर्ष प्रमाणपत्र, हेवी लायसन्स आणि प्रथमोपचार. दुसरं वर्ष नोकरी. त्यात भोसरीचा आठवडा आणि महिन्याला ठरावीक शिल्लक. तिसऱ्या वर्षी जागा, मग नियमातल्या यादीप्रमाणे साहित्य, मग गाडी, आणि सगळं जुळल्यावर नमुना १२ मध्ये परिवहन कार्यालयात अर्ज.

तीन वर्षं लांबलचक वाटतील. पण तीन वर्षांनी तुम्ही ज्यांना शिकवाल ती माणसं पुढची तीस-चाळीस वर्षं आपल्याच रस्त्यांवर गाड्या चालवणार आहेत, त्यांच्या मुलाबाळांना घेऊन. त्यांना पूर्ण दहा तास द्या, आणि ते देता येतील एवढी फी निःसंकोचपणे मागा.